मांसाऐवजी काय? कच्च्या ताटाचा मराठवाडी विचार

सेलूच्या बाजारात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक असते. मांसाला पर्याय म्हटला की जगभर आधी त्याचेच नाव निघते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर त्याचे 'एमएयूएस ७१'सारखे वाण दिले आहेत. म्हणून न शिजवता, फार तर ४८ अंश सेल्सियसपर्यंतच तापवून खाण्याच्या पद्धतीतही मांसाची जागा सोयाबीनच घेईल, असे वाटणे साहजिक आहे. पण तिथे ते बाद ठरते. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. बाजारातली सोयावडीही उष्णता व दाब देऊनच तयार होते. राजमा कच्चा खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात.

तेव्हा मांस ताटात कोणकोणती कामे करते, हे आधी पाहावे: प्रथिने, स्निग्धता, चावण्याचे समाधान आणि खमंग चव. एकच वस्तू ही चारही कामे करत नाही.

मराठवाड्याच्या घोळान्यात या वाटणीचा नमुना आहे. बारीक चिरलेली कच्ची मेथी किंवा करडईची कोवळी पाने, कांदा, तिखट, मीठ, तेल आणि दाण्याचा कूट. कूट मात्र भाजलेल्या दाण्यांचा असतो. कच्च्या ताटासाठी दाणे सहा-आठ तास भिजवून, निथळून जाडसर कुटावेत. खिम्यासारखा दाणेदारपणा येतो. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बकऱ्याच्या तेवढ्याच कच्च्या मांसात सुमारे २०. मात्र दाण्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. ती उणीव मोड आलेले मूग भरून काढतात. बुरशी लागलेले दाणे टाकूनच द्यावेत.

चवीचा प्रश्न अवघड आहे, कारण भाजल्याचा खमंगपणा विस्तवाशिवाय येत नाही. पण १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळापासून केलेल्या रश्शाच्या चवीचे मूळ ग्लुटामेटमध्ये शोधले. पिकलेल्या टोमॅटोतही ते भरपूर असते. उन्हाळ्यात खारवून वाळवलेल्या टोमॅटोच्या फोडी दाण्यांबरोबर कुटल्या, लसूण, जिरे, सुकी मिरची घातली आणि वर लिंबू पिळले, की रश्श्याची आठवण करून देणारी चव येते. फोडी चिवट असल्याने चावायलाही काही राहते.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. मोड उबदार ओलाव्यात येतात आणि जंतूही तिथेच वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांशी जोडलेल्या ई. कोलायच्या साथीत ५०हून अधिक लोक दगावले. म्हणून स्वच्छ पाणी वापरावे आणि मोड ताजेच खावेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना ते वाफवूनच द्यावेत. दुसरी गोष्ट बी-१२ची. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. दूध-दहीही सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. मांसाचे हे पाचवे काम कोणत्याही कुटाने होत नाही.