चिंबोरीवाल्यांवर बंदी नेमकी कसली?

2019 च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी ठपका ठेवला खेकड्यांवर. खेकड्याच्या नावावर काहीही खपतं. त्याला, म्हणजे चिंबोरीला, पकडून पोट भरणाऱ्यांबद्दलही तेच. पर्यावरणाच्या कायद्यांनी त्यांचा धंदा बसवला, असं कुणी म्हणतं. हेच लोक खाडी ओरबाडतात, असं दुसरा म्हणतो. कायदा दोघांपैकी कुणीच वाचलेला नसतो.

सगळ्यात पसरलेला समज पावसाळी बंदीचा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस समुद्रातली मासेमारी बंद असते. आधार 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा. ही बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होडीला नाही. त्यामुळे फटका बसतो तो ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या, पाठीवर तीन ठिपके असलेल्या समुद्री चिंबोरीच्या व्यापाराला. उरण-पनवेलकडे लोखंडी कडीला जाळं बांधून, मधोमध माशाचं डोकं अडकवून ते खाडीत सोडणाऱ्याला किंवा ओहोटीला चिखलात उतरून बिळात आकडा घालणाऱ्या कातकऱ्याला ती अडवत नाही.

किनाऱ्यावरच पावसाळी बंदी असते असंही नाही. समुद्राचा वाराही न लागणाऱ्या मध्य प्रदेशातही ती आहे: तिथे 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ. नदीशी संबंध नसलेली छोटी तळी तेवढी त्यातून सुटतात.

‘बंदीत सरकार पैसे देतं की!’ देतं, पण सरसकट नाही. केंद्राच्या बचत-नि-मदत योजनेत मच्छिमाराने स्वतःचे 1,500 रुपये साठवायचे, सरकार त्यात 3,000 घालणार आणि ही रक्कम बंद काळात परत मिळणार. अट अशी की तो दारिद्र्यरेषेखालचा आणि मच्छिमार सहकारी संस्थेचा सभासद हवा. संस्थेच्या वहीत नाव नसलेल्या, एकट्याने बिळं धुंडाळणाऱ्या माणसाला ही योजना लागूच होत नाही.

आता कांदळवन. ‘कांदळवनं राखीव केली आणि चिंबोरीवाल्याची खाडी गेली,’ हे मी अनेकदा ऐकलंय. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात बेकायदा ठरवली ती कांदळवनांची तोड, त्यांत भराव घालणं आणि राडारोडा टाकणं. चिंबोरी पकडण्यावर तो निकाल नाही. एक मेख मात्र आहे. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वन म्हणून जाहीर होत गेली आणि 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 म्हणतं, राखीव वनात नियम मोडून मासेमारी केली तर गुन्हा. त्यामुळे वनरक्षकाने हटकलं तर चिखलातला माणूस घाबरतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे कोळीवाड्यांचे आणि कातकरीवाड्यांचे हक्क कागदावर आणणं. कांदळवनाचं संरक्षण काढून ते होणार नाही, कारण काळी चिंबोरी वाढते तीच मुळी त्या मुळांमधल्या चिखलात.

आणि भराव घालणारा कोण असतो? 2015 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित लवादाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना उरण परिसरातल्या 1,630 मच्छिमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. बंदराच्या विस्ताराने खाडीचं पाणी अडलं, कांदळवनं गेली, मासळी हटली, अशी त्या लोकांची तक्रार होती. पर्यावरणाचा कायदा तिथे मच्छिमारांच्या हातात होता, त्यांच्या मानेवर नव्हे. ही बाजू कुणी सांगत नाही.

वन्यजीव कायद्याची भीती अनाठायी. त्यात संरक्षण आहे अंदमान-निकोबारच्या नारळखेकड्याला आणि ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावरच्या नालखेकड्याला. हा नालखेकडा तर मुळात खेकडाच नाही, विंचू-कोळ्यांचा भाऊबंद आहे.

‘खेकडापालन वाढवा, निसर्गावरचा भार कमी होईल,’ हा सल्ला कानाला गोड लागतो. पण तळ्यात सोडायची पिल्लं कुठून आणायची? उबवणी केंद्रातली आणली तर ठीक. तमिळनाडूत राजीव गांधी जलकृषी केंद्राने काळ्या चिंबोरीची पिल्लं तयार करून दाखवली आहेत. ती मिळाली नाहीत की पालनवाला खाडीतूनच लहान खेकडे विकत घेतो आणि भार होता तिथेच राहतो. नुकतीच कात टाकलेली पोकळ चिंबोरी तीन-चार आठवडे पिंजऱ्यात खाऊ घालून भरवणं मात्र शहाणपणाचं. तोच जीव, दुप्पट किंमत नाही तरी बरा दर.

दुसऱ्या टोकाचा समज असा की बंदी घातली की खेकडा वाढतोच. अलास्कात मोजमाप कडक, मादी पकडायची नाही, लहान नर सोडून द्यायचे. तरीही 2022 मध्ये बेरिंग समुद्रातला हिमखेकड्याचा हंगाम पहिल्यांदाच पूर्ण रद्द करावा लागला. पाणी तापलं, खेकड्यांना जास्त अन्न लागू लागलं, ते मिळालं नाही आणि अब्जावधी खेकडे मेले, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. होड्या बंद झाल्या त्या त्यानंतर.

आपल्याकडे गाभोळीने भरलेल्या मादीला उलट जास्त भाव. गाभोळी कवचाच्या आत असते. अंडी बाहेर आली की मादी ती पोटाच्या झाकणाखाली धरून खाडीतून समुद्राकडे जाते आणि पिल्लं तिथेच फुटतात. तेव्हा बाजारात चिंबोरी उलटी करून बघा. झाकण अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. त्या गोल झाकणाखालून अंड्यांचा घोस बाहेर आलेला दिसला, तर ती घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणारीलाही सांगा.