जुन्या वाहनास यांत्रिक वेगमापक बसविणे : फेऱ्यांच्या स्थिरांकाचा विचार

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर जुन्या जीपगाड्या अद्यापि दृष्टीस पडतात. अशा गाडीचे मूळ वेगमापक बंद पडले म्हणजे त्याच बनावटीचे दुसरे मिळणे कठीण असते. मग मिस्त्री बाजारातून एखादे सुटे यांत्रिक मीटर आणतो, डॅशबोर्डाच्या भोकात ते बसते की नाही हे पाहतो, केबलचा नट आवळतो आणि गाडी रस्त्यावर काढतो. काटा हलतो, किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात आणि काम संपले असे मानले जाते. वस्तुतः काटा हलणे आणि काट्याने खरा वेग सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. मीटरवर ताशी ६० किलोमीटर दिसत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ९६ किलोमीटर वेगाने धावत असावी, असेही घडू शकते; आणि ते मीटर स्वतः पूर्णपणे सुस्थितीत असू शकते. ही विसंगती कशी उद्भवते, ती आधी कशी ओळखावी आणि नंतर कशी दूर करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

मीटर वस्तुतः काय मोजते

यांत्रिक वेगमापकास वेगाची अथवा अंतराची प्रत्यक्ष जाणीव नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या केवळ केबलच्या फेऱ्या. विलिस बनावटीच्या जुन्या जीपमध्ये ही केबल ट्रान्सफर केसच्या मागील बाजूने निघते. मागील आसाकडे जाणाऱ्या दंडावर एक चालक गरारी असते. तीवर बसविलेले लहान पिनियन केबलचा अंतर्दंड फिरविते. हा लवचीक अंतर्दंड बाह्य नळीतून मीटरपर्यंत येतो आणि तेथे त्याच्या फेऱ्यांचा उपयोग दोन स्वतंत्र यंत्रणा करतात.

पहिली यंत्रणा अंतरमापकाची. मळसूत्री गरारी व दातेरी चाके यांच्या साहाय्याने केबलच्या ठराविक फेऱ्या झाल्या की आकड्यांचे चाक एक घर पुढे जाते. हे निव्वळ मोजणीचे काम असल्यामुळे त्यात वेगाचा, तपमानाचा किंवा मीटरच्या वयाचा संबंध येत नाही.

दुसरी यंत्रणा काट्याची. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली जर्मनीत ज्या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेच तत्त्व आजही यांत्रिक वेगमापकात वापरलेले आढळते. केबलबरोबर एक कायम चुंबक फिरतो. त्याच्याभोवती, परंतु त्यास स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीस चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढतात. या ओढीचे परिबल चुंबकाच्या फिरण्याच्या गतीशी समप्रमाणात असते. वाटीच्या दंडावरील बारीक केशकमानी तिला उलट दिशेने खेचते व तिचे परिबल वळणाच्या कोनाशी समप्रमाणात असते. दोन्ही परिबले सारखी होतात तेथे काटा स्थिरावतो. त्यामुळे काट्याचा कोन केबलच्या गतीशी समप्रमाणात राहतो आणि तबकडीवरील आकडे समान अंतरावर आखता येतात.

यावरून स्पष्ट होते की तबकडीवरचा प्रत्येक आकडा एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत असे, की गाडी एक किलोमीटर अथवा एक मैल चालली असता केबलच्या अमुक इतक्या फेऱ्या होतात. या संख्येस मीटरचा स्थिरांक म्हणता येईल. गाडीचाही असाच एक स्थिरांक असतो. तो चाकाचा परिघ, मागील आसाचे गुणोत्तर आणि पिनियनचे दात यांवरून ठरतो. दोन्ही स्थिरांक जुळले तरच मीटर खरे बोलते.

मैलाचा दगड आणि किलोमीटरचा दगड

स्थिरांकांविषयी सर्वत्र एकच प्रमाण नाही. अमेरिकी पद्धतीत मैलास १००० फेऱ्या हे प्रमाण रूढ झाले. किलोमीटरमध्ये ते सुमारे ६२१ होते. जपानी प्रमाणानुसार ताशी ६० किलोमीटर वेगास मिनिटाला ६३७ फेऱ्या, म्हणजेच किलोमीटरला ६३७ फेऱ्या होतात. अनेक युरोपीय मीटरांचा स्थिरांक किलोमीटरला १००० च्या आसपास असतो.

भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. रस्त्यांवरील मैल व फर्लांग यांचे दगड जाऊन किलोमीटरचे दगड आले. परंतु त्या काळातील गाड्यांच्या गराऱ्या मैलाच्या हिशेबानेच कापलेल्या होत्या. अमेरिकी प्रमाणाच्या गाडीत किलोमीटरला १००० फेऱ्यांचे मीटर बसविले असता काय होते ते पाहावे. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असता केबलच्या तासाला ६२,१०० फेऱ्या होतात आणि काटा ६२ वर थांबतो. तबकडीवर ‘किलोमीटर’ असे छापलेले असले तरी काटा जो आकडा दाखवितो तो वस्तुतः मैलांचा आहे. आरंभी सांगितलेली ६० व ९६ ही विसंगती हीच होय. नव्या मीटरचा काटा डगमगत नाही, आवाज करीत नाही; म्हणून चालकास संशय येण्याचे काहीच कारण राहत नाही.

याच्या उलट प्रकारही संभवतो. मैलाच्या जुन्या मीटरची केवळ तबकडी किलोमीटरची केली, तर काटा बरोबर वाचता येईल. अंतरमापक मात्र आतील दात तसेच असल्यामुळे मैलच मोजीत राहील. अशा गाडीच्या नोंदवहीत १०० किलोमीटर लिहिले असता गाडी सुमारे १६१ किलोमीटर चाललेली असते. त्यावरून काढलेला इंधनाचा हिशेब आणि तेल बदलण्याची मुदत ही दोन्ही चुकतात.

गाडीचा स्थिरांक काढण्याची रीत

गाडीच्या पुस्तिकेवरून स्थिरांक काढण्यात धोका आहे, कारण जुनी गाडी मूळ अवस्थेत क्वचितच असते. विलिसच्या युद्धकालीन ‘एमबी’ जीपच्या आसाचे गुणोत्तर ४.८८, तर युद्धोत्तर ‘सीजे-२ए’चे ५.३८ होते. एकाचा आस दुसरीस बसविला आणि पिनियन बदलले नाही, तर फेऱ्यांत सुमारे १० टक्के फरक पडतो. मोठे टायर घातले असल्यास फरक उलट दिशेने पडतो. म्हणून प्रत्यक्ष मोजणी हाच विश्वसनीय मार्ग होय.

ही मोजणी अगदी साध्या साधनांनी होते. मीटरकडील टोकाशी केबल सोडवावी, अंतर्दंडाच्या टोकास कागदाचा लहानसा झेंडा चिकटवावा आणि सपाट जमिनीवर २० मीटर अंतर फितीने आखून घ्यावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सरळ रेषेत तितकी ढकलावी व झेंड्याच्या फेऱ्या मोजाव्यात. त्या संख्येस ५० ने गुणिले असता किलोमीटरच्या फेऱ्या मिळतात. उदाहरणार्थ, १२.४ फेऱ्या आल्या तर स्थिरांक ६२० होय. फेरीचा आठवा भाग मोजण्यात चुकला तरी त्रुटी सुमारे १ टक्का पडते. म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. टायरमधील हवा नेहमीइतकी व गाडीवरील भार नेहमीसारखा असावा, कारण भाराने चाकाची परिणामी त्रिज्या कमी होते. गाडी ढकलण्याऐवजी एकच मागील चाक जॅकवर उचलून फिरविल्यास डिफरन्शियलमुळे आकडा निम्मा येतो, हे ध्यानात ठेवावे.

मीटरचा स्थिरांक पुष्कळदा तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो नसल्यास मीटरचा प्रवेशदंड हाताने सावकाश फिरवून अंतरमापकाचा दशांशाचा आकडा एक घर सरकण्यास किती फेऱ्या लागतात हे मोजावे आणि त्यास १० ने गुणावे.

जुळणी व बसवणी

मीटरच्या स्थिरांकास गाडीच्या स्थिरांकाने भागले असता आवश्यक गुणोत्तर मिळते. मीटर १००० चे व गाडी ६२१ ची असेल तर ते १.६१ येते. इतका मोठा फरक पिनियन बदलून सहसा भरून निघत नाही. तेथे केबलच्या मार्गात २९ व १८ दातांसारख्या गुणोत्तराची लहान गरारीपेटी बसवावी लागते, किंवा दुसरे मीटर निवडावे. फरक पाच-दहा टक्क्यांचा असेल तर एखाददुसरा दात कमी असलेले किंवा अधिक असलेले पिनियन पुरते. ६३७ चे मीटर ६२१ च्या गाडीस चालविल्यास त्रुटी केवळ अडीच टक्क्यांची असते. परंतु मीटर कमी वेग दाखविते, म्हणून ती त्रुटी गैरसोयीच्या बाजूची आहे.

बसविण्यापूर्वी केबलच्या फिरण्याची दिशा पाहणे अगत्याचे आहे. उलट दिशेने फिरणारी केबल काट्यास शून्याच्या खुंटीवर दाबून धरते. अंतर्दंडाचे चौकोनी टोक व नटाचे आटे मीटरशी जुळले पाहिजेत; इंची आट्यांवर मेट्रिक नट बळजबरीने आवळू नये. अंतर्दंड बाह्य नळीच्या तोंडापुढे सुमारे १० मिलिमीटर यावा. तो अधिक पुढे आला तर नट आवळताच मीटरचा दंड आत दाबला जातो व तेथील बेअरिंग झिजते. केबलच्या वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटरहून कमी नसावी. ग्रीस पातळ थराने लावावे आणि मीटरकडील सुमारे २० सेंटिमीटर भाग कोरडा ठेवावा, अन्यथा फिरत्या दंडावरून ग्रीस वर चढून वाटीत शिरते.

रस्त्यावरील पडताळा

बसवणीनंतर काटा व अंतरमापक यांची तपासणी निरनिराळी करावी. अहमदपूर व चाकूर या गावांवरून नांदेड आणि लातूर यांस जोडणारा राष्ट्रीय महामार्ग यास सोयीचा आहे. राष्ट्रीय महामार्गावरील किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे, राज्य महामार्गावरील हिरवे असते; मध्ये दर २०० मीटरांवर लहान दगड असतात. रुंदीकरणात एखादा दगड हललेला असू शकतो, म्हणून एका किलोमीटरवर विसंबू नये. सलग १० किलोमीटर घ्यावे.

अंतरमापक १० किलोमीटरांत किती दाखविते हे प्रथम नोंदवावे. नंतर रहदारी नसलेल्या सपाट भागात काटा ६० वर स्थिर ठेवून एक किलोमीटर जाण्यास लागणारा वेळ सोबत्याने मोजावा. ६० सेकंद लागल्यास काटा बरोबर आहे. ६६ सेकंद लागल्यास खरा वेग ताशी ५४.५ किलोमीटर आहे व काटा १० टक्के अधिक दाखवीत आहे. आता जीपीएस असलेल्या भ्रमणध्वनीवरूनही हा पडताळा घेता येतो.

या दोन निरीक्षणांच्या तुलनेतून दोषाचे स्थान कळते. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष स्थिरांकाच्या जुळणीत आहे. अंतर बरोबर आणि काटा चूक असेल तर चुंबक दुर्बल झाला आहे अथवा केशकमानी बिघडली आहे. काटा बरोबर आणि अंतर चूक असेल तर तबकडी वा आतील चाके मूळची नाहीत. काटा झोके घेत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा मुडपली आहे. पीळ साठतो व एकदम सुटतो, त्याचे ते झोके होत. दोष कोठे आहे हे न पाहता काटा उपटून दुसऱ्या आकड्यावर बसविणे हा उपाय नव्हे. त्याने एका वेगास आकडा बरोबर येतो, बाकी सर्व वेगांस चुकतो, आणि अंतर तर चुकलेलेच राहते.

तपासणीच्या वेळेचाही विचार करावा. ॲल्युमिनियमचा विद्युत् रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे भोवरा-प्रवाह क्षीण होतात आणि काटा मागे राहतो. तपमान २० अंशांनी चढल्यास ही घट ८ टक्क्यांच्या घरात जाईल. चांगल्या मीटरात चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पट्टी असते. थंडीत ती चुंबकीय प्रवाहाचा काही भाग स्वतःकडे वळविते, उष्णतेत तिची ही क्षमता घटते व वाटीस अधिक प्रवाह मिळतो. त्यायोगे दोष बव्हंशी भरून निघतो. हलक्या प्रतीच्या मीटरात ही पट्टी नसल्यास मराठवाड्यातील वैशाखातल्या दुपारी काटा खऱ्या वेगाच्या खाली राहील. म्हणून पडताळा एकदा पहाटे व एकदा दुपारी घेणे इष्ट.

अनुमत त्रुटी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११७ वा नियम वेगमापकाविषयी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नूतनित करावी लागते, तेव्हा जुन्या गाडीच्या मालकास हा प्रश्न टाळता येत नाही. त्रुटीच्या मर्यादेविषयी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा विनियम मार्गदर्शक आहे. त्यानुसार मोटारगाडीच्या मीटरने दर्शविलेला वेग खऱ्या वेगाहून कमी असता कामा नये, आणि अधिक असल्यास ते आधिक्य खऱ्या वेगाचा दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर यापेक्षा जास्त असू नये. म्हणजे खरा वेग ६० असता काटा ६० ते ७० च्या दरम्यान असावा. मर्यादा एकाच बाजूस ठेवण्याचे कारण उघड आहे. अधिक दाखविणारे मीटर चालकास गाडी हळू हाकण्यास लावते. कमी दाखविणारे मीटर त्यास निर्धास्त करते.

बंद पडलेले मीटर आपण बंद आहोत हे लपवीत नाही. चालक तेथे डोळ्यांवर व अनुभवावर विसंबतो. चुकीच्या स्थिरांकाचे मीटर मात्र विश्वास संपादन करून चुकीचे सांगते. २० मीटरांची एक फीत, कागदाचा एक तुकडा आणि अर्ध्या तासाचा वेळ एवढ्या सामग्रीत हा धोका टळत असल्यामुळे, फेऱ्या मोजल्यावाचून नवे मीटर बसवू नये हेच श्रेयस्कर होय.