मरुनगरींतील पाणी

आमच्या पारनेर तालुक्यांत पाऊस बेताचाच. त्यामुळें पाणी जपण्याविषयीं आपणांस कोणी कांहीं शिकवावें, असें मला साठी उलटेपर्यंत वाटलें नव्हतें. गेल्या माघांत जांवयांच्या बदलीमुळें जोधपुरास महिनाभर राहण्याचा योग आला आणि हा अभिमान गळाला.

'मरु' शब्द 'मृ' धातूपासून व्युत्पादितात : तहानेनें जेथें जीव जातो ती मरुभूमि. मारवाड या नांवाच्या मुळाशीं तोच शब्द. अशा प्रदेशांत दहा लाखांहून अधिक वस्तीचें शहर कसें नांदलें, हा प्रश्न मनांत घेऊनच मी हिंडलों.

राव जोधानें १४५९ सालीं मंडोर सोडून येथें राजधानी वसविली. त्याच्या मेहरानगडावरून ब्रह्मपुरींतील निळ्या घरांची दाटी मोठी रम्य दिसते. परंतु मला खिळवून ठेविलें तें गडाच्या पायथ्याशीं असलेल्या राणीसर व पदमसर या तलावांनीं. कातळावर पडलेलें पाणी वाहून जाऊं न देतां तेथें सांठविलें आहे. गांवांत 'तूरजी का झालरा' ही अठराव्या शतकांतील बारव आहे. ती महाराज अभयसिंहांच्या राणीनें बांधविली. अनेक वर्षें दुर्लक्षित राहिलेली ही बारव अलीकडे उपसून स्वच्छ केली आहे.

खरा धडा मात्र शेजारच्या जुन्या घरांत मिळाला. तेथील वृद्ध बाईंनीं अंगणांतील 'टांका' दाखविला. आपल्या गडांवरील टांक्याचाच हा भाऊ! पहिल्या पावसानें गच्ची धुवून जाऊं द्यावयाची, मग पुढचें पाणी आंत घ्यावयाचें. आम्हांस पाणी दिल्यावर तांब्यांत उरलेलें त्यांनीं तुळशीस घातलें आणि म्हणाल्या, "तूप सांडलें तर सोसेल, पाणी सांडलें तर जीव जळतो." मला शरम वाटली. वर्गांत एखादा मुलगा वस्तु जपून वापरी, तर "अगदीं मारवाडी आहेस" असें मीच हंसत म्हणत असें. ज्या गुणानें हें शहर जगलें, त्याची मीं थट्टा केली होती.

आतां हिमालयांतील नद्यांचें पाणी कालव्यानें व पंपांनीं येथवर येतें. घरोघर नळ आले आणि जुन्या विहिरी-बारवांचा उपसा थांबला. परिणामीं भूगर्भांतील पाणी चढून जुन्या वस्तींतील तळघरांत शिरूं लागलें! मरुभूमींत पाण्याचा असा उपद्रव पाहून मी थक्क झालों.

परंतु हंसावें कोणास? नळ आल्यावर आमच्याही वाड्यांतील आड आम्हींच केरानें भरला, आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसलों. परत येतांच पुतण्यांना हाताशीं घेऊन मीं तो उपसावयास काढला. धाकट्या बंधूंनीं खर्चाबद्दल कुरकुर केली. घरांतील स्त्रिया मात्र एकमतानें माझ्या बाजूस आल्या. कारण टँकरचें पाणी येतें, तेव्हां कळशी त्यांच्याच कमरेवर असते. पत्र्याची पन्हळ आडापर्यंत आणून ठेविली आहे. आतां मृगाची वाट पाहत आहों.