आत राहिलेला गोवर

गोवर हा लोकव्यवहारात अंगावर उठणाऱ्या पुरळाचा आजार आहे आणि आरोग्य खात्याच्या नोंदीतही त्याचा हिशेब पुरळापासूनच सुरू होतो. ताप कधी आला, पुरळ कोणत्या तारखेला उठले, लस घेतली होती का, घरात आणखी कुणाला लागण झाली आहे का, एवढ्या रकान्यांत तो मावतो. मेंदूचा रकाना तिथे नसतो. परंतु गोवराचा विषाणू मेंदूपर्यंत पोचू शकतो, कधी काही दिवसांत, कधी काही महिन्यांत आणि कधी तर सहा ते दहा वर्षांनी, जेव्हा त्या पुरळाची आठवण आईलाही नीटशी राहिलेली नसते. भिवंडीसारख्या शहरात पुरळाच्या मागावर घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकांचे काम याच दूरच्या आजाराविरुद्धही चाललेले असते, जरी त्याचे नाव त्यांच्या कागदांवर कुठेच येत नाही.

2022 च्या ऑक्टोबरपासून मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचे रुग्ण झपाट्याने वाढू लागले आणि नोव्हेंबरात मुंबईच्या जोडीने भिवंडी व मालेगाव ही यंत्रमागाची दोन शहरे बातम्यांत आली. दाट वस्ती, कामाच्या मागे गाव सोडून आलेली कुटुंबे आणि कोविडच्या दोन वर्षांत हुकलेल्या लसी या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. लहान मुले दगावली. राज्य सरकारने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले आणि उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना, त्यांचे आधीचे डोस झालेले असले तरीही, गोवर-रुबेला लसीचा एक वाढीव डोस देण्याची मोहीम सुरू झाली.

अशा मोहिमेतले सर्वांत अवघड काम टोचण्याचे नसून विचारण्याचे असते. भिवंडीतल्या अनेक वस्त्यांत यंत्रमागाचा गाळा आणि राहण्याची खोली यांच्यात एका भिंतीचेच अंतर असते. माग चालू असला की शेजारच्या दारातही आवाज चढवून बोलावे लागते, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असल्याने दार उघडणारी बाई उलट अगदी हळू बोलते. त्यातून शहराच्या भाषा अनेक. उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या मोहल्ल्यात गोवराला खसरा म्हणतात, पद्मानगरच्या तेलुगू घरांत तट्टु म्हणतात, आणि कुणी नुसते ‘माता आली’ म्हणून मोकळे होते, ज्यातून कांजिण्या की गोवर हे काहीच कळत नाही. म्हणून अनुभवी सेविका आजाराचे नाव घेतच नाही. ताप येऊन अंगावर लाल पुरळ उठले का, ते कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरत गेले का, त्यात पाणी धरले होते का, असे विचारते. पाणी धरले असेल तर बहुधा कांजिण्या. उत्तर गोवराकडे झुकणारे असेल तर मुलाचे नाव यादीत चढते, त्याला सलग दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस मिळतात आणि रक्ताचा नमुना घेतला जातो, कारण विषाणूविरुद्ध शरीराने नुकतीच तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूला ओळखून चिकटणारी प्रथिने, पुरळ उठल्यापासून सुमारे 28 दिवसांपर्यंत भरवशाने सापडतात. त्यापुढे तपासणीच्या दृष्टीने ते मूल रुग्ण राहत नाही.

लसीकरणाच्या जागीही काम वाटते तितके सरळ नसते. गोवर-रुबेला लस बाटलीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सोबतच्या द्रावकाने ती कालवली की तिच्या आयुष्याचे चार तास उरतात, कारण कालवलेल्या लसीत जंतू शिरले तर वाढण्यापासून त्यांना थोपवणारे काही नसते आणि उष्णतेने व उजेडाने लसीतला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू मरतो. म्हणून परिचारिका बाटली फोडल्याची वेळ तिच्यावरच लिहिते, बाटली आइसपॅकच्या खाचेत ठेवते, आणि एका बाटलीत अनेक डोस असल्यामुळे समोर एकच मूल असेल तर क्षणभर दाराकडे पाहते. फोडावी की आणखी दोघे येण्याची वाट पाहावी, हा प्रश्न तिच्यापुढे प्रत्येक वेळी असतो. थांबायला सांगितलेली आई परत येईलच असे नाही, हे ठाऊक असलेली परिचारिका एका मुलासाठीही बाटली फोडते, आणि तेच बरोबर आहे. अर्धा मिलिलिटर लस उजव्या दंडात, कातडीखाली दिली जाते; मूल रडते, कार्डावर तारीख पडते.

मराठी घरांत गोवराविषयी एक जुनी समजूत आहे की तो बाहेर पडायला हवा, आत राहिला तर वाईट. त्यापायी दारावर कडुनिंब लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही आणि पुरळ भरभरून उठले की हायसे वाटून घ्यायचे. डॉक्टर मंडळी या समजुतीकडे हसून पाहतात, आणि मूल दवाखान्यात न नेण्याचे ते निमित्त होत असेल तर रागावणेही रास्तच आहे. परंतु निरीक्षण म्हणून ती पूर्ण पोकळ नाही. गोवराचे पुरळ विषाणू थेट उठवत नाही. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींत शिरलेल्या विषाणूवर शरीराच्या टी पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, तुटून पडतात तेव्हा ते उठते. ज्या मुलांची ही फौज रक्ताच्या कर्करोगाने किंवा त्यावरच्या औषधांनी मोडलेली असते, त्यांच्या अंगावर पुरळ उठतच नाही असे घडते, आणि नेमक्या अशाच मुलांच्या मेंदूत काही महिन्यांत विषाणू माजतो. कडुनिंबाचा यात काही वाटा नाही, पण आत राहिलेला गोवर ही कल्पना आजीबाईंच्या बटव्यातून थेट विकृतिशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसते.

मेंदूदाह, म्हणजे मेंदूच्या ऊतीत रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन येणारी सूज, गोवरात एकाच वाटेने होत नाही. सर्वांत लवकर दिसणारा प्रकार साधारण हजार रुग्णांत एकाला होतो: पुरळ मावळत असताना ताप उलटतो, मूल गुंगते, आकडी येते. यात पुष्कळदा मेंदूत विषाणू सापडतही नाही. त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्तीच चुकून मज्जातंतूंवरच्या मायलिन या स्निग्ध आवरणावर हल्ला करते, आणि आवरण गेलेल्या तंतूतून संदेश रखडत जातो. वाचलेल्या मुलांपैकी काहींच्या बोलण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात कायमचे उणे राहते.

उशिरा येणाऱ्या प्रकाराचे नाव लांबलचक आहे: सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, म्हणजे संथपणे वाढणारा, मेंदूची ऊती घट्ट करत जाणारा आणि सबंध मेंदूला व्यापणारा दाह. डॉक्टर त्याला एसएसपीई म्हणतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील डॉसन या विकृतिशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात अशा मेंदूतल्या पेशींत चमत्कारिक गोळे पाहिले होते, परंतु त्यांचा संबंध गोवराशी असल्याचे 1960 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आणि रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून उलगडले. यातला विषाणू मूळचा राहिलेला नसतो. नवे कण बांधून पेशीबाहेर सोडण्यासाठी लागणारे त्याचे एक प्रथिन बिघडलेले असते, त्यामुळे तो पेशीतून बाहेर पडू शकत नाही. तर पेशीच्या पटलांना एकजीव करणारे दुसरे प्रथिन वाजवीपेक्षा जोमदार झालेले असते, त्यामुळे तो एका चेतापेशीतून तिला खेटलेल्या दुसऱ्या पेशीत आतल्या आत सरकतो. बाहेर रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात प्रतिपिंडांचा पूर आलेला असतो, आणि आत शत्रू भिंतीभिंतींतून वाट काढत असतो. त्या निष्फळ चकमकीत रक्तवाहिन्यांभोवती दाहपेशींची कडी जमतात, चेतापेशी मरतात आणि त्यांच्या जागी आधारपेशींचे घट्ट जाळे उरते.

घरात हे दिसते ते असे. मन लावून शिकणारे मूल विसराळू होते, अक्षर बिघडते, चिडचिड वाढते. शाळेतून ‘लक्ष नाही’ अशी तक्रार येते आणि ती सगळ्यांना पटतेही, कारण त्या वयात लक्ष नसणे हा काही आजार मानला जात नाही. मग जेवता जेवता हातातली वाटी सुटते. एकदा सुटली तर धांदरटपणा, पण ती पुन्हा पुन्हा, जवळजवळ ठरल्या अंतराने सुटू लागते, मान एकदम झुकते, चालता चालता गुडघा मोडतो. मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला की त्याच अंतराची कथा कागदावर उमटते: दर चार ते दहा सेकंदांनी सगळ्या रेषा एकदम उसळतात, मग मंदावतात, मग पुन्हा उसळतात. आलेख वाचणाऱ्याला हा नमुना एकदा पाहिल्यावर सहसा विसरता येत नाही, आणि त्याचा अर्थ ठाऊक असल्याने तो पालकांना सांगण्याआधी मेंदूभोवतीच्या द्रवातील गोवराच्या प्रतिपिंडांची तपासणी मागवतो. पुढे बोलणे जाते, नजर जाते, मूल अंथरुणाला खिळते. बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत मृत्यू होतो. आयसोप्रिनोसिन आणि इंटरफेरॉन या औषधांनी काहींच्या बाबतीत आजाराची गती मंदावते, तो बरा होत नाही.

हा आजार विरळा आहे, असे म्हणण्यात एक फसवेपणा आहे. कॅलिफोर्नियातील रुग्णांवरून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांखाली गोवर झालेल्या 1,367 मुलांमागे एकाला, आणि वर्षाच्या आत गोवर झालेल्या 609 मुलांमागे एकाला एसएसपीई होत असल्याचा अंदाज निघाला. धोका सर्वांत जास्त कुणाला, तर ज्यांना नेहमीच्या वेळापत्रकात अजून लसच मिळत नाही त्यांना. कारण भारतात पहिला डोस नऊ महिन्यांनंतर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो. सहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूचे रक्षण म्हणूनच बाळाच्या दंडात होत नाही, त्याच्या चार वर्षांच्या भावाच्या दंडात होते. 2022 च्या उद्रेकात ज्या भागांत नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक होते, तिथे सहा महिन्यांच्या बाळांनाही लस देण्याची केंद्राची सूचना आली. हा डोस वेळापत्रकात धरायचा नव्हता, म्हणून तो शून्य डोस.

2022 मध्ये भिवंडीत गोवर झालेल्या मुलांच्या बाबतीत या आजाराचा काळ साधारण 2028 ते 2032 असा पडतो. तोवर ती भिवंडीत असतील की नाही, हे यंत्रमागाचा धंदा ठरवेल. सुताचे भाव चढले आणि माग थांबले की खोल्या रिकाम्या होतात. दूरच्या कुठल्या जिल्हा रुग्णालयात आठ वर्षांच्या मुलाच्या हातून वाटी सुटू लागली, तर तिथल्या डॉक्टरांना त्या खोलीतल्या पुरळाची तारीख कुठून कळणार? वाढीव डोसाच्या यादीतही ही खूण आधीच दिसते. ज्यांची मुले सापडली नाहीत त्यांच्या नावापुढे सेविकेने तीन आठवडे फेऱ्या मारून, शेजाऱ्यांना विचारून, शेवटी दोनच शब्द लिहिलेले असतात: गावी गेले.