रस किती, वेळ किती?

मराठीच्या अध्यापकाने चित्रफितींच्या गणितावर लिहावे, हा वाचकांना आगाऊपणा वाटेल. मलाही वाटला असता. पण 2020 सालच्या टाळेबंदीने आम्हा मास्तर मंडळींना जे जे करायला लावले, त्यातलेच हे एक. फळा गेला, वर्ग गेला आणि मांजरीतल्या घराच्या एका खोलीत भिंतीला पाठ लावून, लॅपटॉपच्या डोळ्यात डोळा घालून, मी तुकारामांवर बोलू लागलो.

तासाभराच्या व्याख्यानाची चित्रफीत भरली सुमारे 900 मेगाबाइट. विद्यार्थी आपापल्या गावी गेलेले. त्यांच्या मोबाइलला दिवसाला दीड गिगाबाइटचा शिधा. तोही भावंडांत वाटून घ्यायचा. त्यातला निम्म्याहून अधिक माझे एक व्याख्यानच खाणार! एका माजी विद्यार्थ्याने फोनवरून तोड सुचवली. चित्रफीत दाबून लहान करणारे एक सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते घ्या म्हणाला. घेतले. त्यात अतिवेगापासून अतिसंथपणापर्यंत पायऱ्या होत्या. मी स्वभावाने काटकसरी. सर्वांत संथ पायरी निवडली, दाबण्याचा सर्वांत नवा दिसणारा प्रकार निवडला आणि झोपलो. लॅपटॉपचा पंखा पहाटेपर्यंत घरघरत होता. सकाळी पाहतो तो फाइल अवघी 90 मेगाबाइट! सावकाराचे कर्ज फिटल्याच्या आनंदात मी ती पाठवून दिली.

दुपारी इंदापूरकडच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला : “सर, तुमचा आवाज येतोय, पण तुम्ही हलत नाही. आणि फोन फार तापतोय.”

फोन तिच्या वडिलांचा, जुना. मी रात्रभर जे वाचवले होते, ते त्या बिचाऱ्या फोनच्या माथी मारले होते. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी आकडे पाहा. आजच्या साध्या ‘फुल एचडी’ चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 असे एकूण 20,73,600 ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर एक चित्र झाले 62 लाख बाइटांचे. सेकंदाला अशी 25 चित्रे. तासाभराचा हिशेब केला तर सुमारे 560 गिगाबाइट होतात! हे कच्चे धान्य कुणाच्याच मोबाइलात मावणारे नाही. म्हणजे दाबणे आलेच. प्रश्न एवढाच, की किती आणि किती वेळ घेऊन?

ज्या मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तेथल्या माणसाने उसाचा दाखला द्यायचा नाही तर कुणी? आमच्या सोलापूर रस्त्यावरची कोणतीही रसवंती पाहा. ऊस चरकातून पहिल्यांदा निघाला की बहुतेक रस येतो. दुमडून, आल्याचा तुकडा घालून पुन्हा घातला की आणखी थोडा. तिसऱ्या फेरीला पेलाभरही नाही. चौथ्या फेरीला चिपाडातून थेंब काढता येतील. पण समोर दहा गिऱ्हाइके उन्हात उभी आहेत! चित्रफितीचेही अगदी तसेच आहे. पहिल्या झटक्यात मोठी बचत होते. पुढची प्रत्येक मेगाबाइट अधिकाधिक वेळ मागते.

हा वेळ जातो कशात? शोधण्यात. चित्रफितीत एकापाठोपाठच्या चित्रांत फारसे बदललेले नसते. माझ्या व्याख्यानात भिंत तीच, खुर्ची तीच. हलतात ते ओठ आणि हात. म्हणून यंत्र प्रत्येक चित्राचे चौकोन पाडते आणि मागच्या चित्रात तसाच चौकोन कुठे आहे ते हुडकते. सापडला की नवा काढायचाच नाही; हिशेबाच्या वहीत ‘सदर’ लिहावे तसे ‘मागचाच, दोन ठिपके डावीकडे’ एवढे लिहायचे. पण हुडकणे स्वस्त नाही. 16 गुणिले 16 ठिपक्यांचे चौकोन पाडले तर एका चित्रात 8,160 होतात. प्रत्येकासाठी चहूबाजूंना फक्त 16 ठिपक्यांपर्यंत पाहायचे म्हटले, तरी 1,089 जागा तपासाव्या लागतात. म्हणजे एका चित्रामागे सुमारे 89 लाख तुलना आणि प्रत्येक तुलनेत 256 वजाबाक्या!

घाईत असलेले यंत्र सगळ्या जागा पाहत नाही. शेजारचा चौकोन जिकडे सरकला तिकडेच हाही सरकला असेल, असा अंदाज बांधते आणि आसपास चार ठिकाणी डोकावून समाधान मानते. संथ यंत्र मात्र कोपरान् कोपरा धुंडाळते. बाजारातून परतताना हरवलेली किल्ली शोधणारी दोन माणसे आठवा!

शिवाय काही गाळायचेही असते. डोळ्याला उजेडातला फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून रंगाचा तपशील बेधडक कमी करतात. आमच्या मोडीने हेच केले होते. हात न उचलता झरझर लिहायचे म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने पाळला नाही. वाचणारा संदर्भाने समजून घेई. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, वाचणाऱ्याचा वाढला. मोडी कागद लावताना ज्याने घाम गाळला आहे, त्याला हा व्यवहार ठाऊक आहे.

यंत्रांच्या जगातही पिढ्या बदलल्या. 2003 साली ‘एच. 264’ हा संकेत आला. 2013 साली आलेला ‘एच. 265’ साधारण निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र बसवतो. पण त्यासाठी दाबणाऱ्याला कितीतरी जास्त राबावे लागते आणि उलगडणाऱ्या यंत्रालाही तशी सोय असावी लागते. ती सोय नसलेला फोन तापतो, अडखळतो. माझी चूक हीच.

मग खरे उत्तर कोणते? ते कामावर अवलंबून आहे. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक होते. तेथे सेकंदाला 25 चित्रे पाठवायची तर एका चित्राच्या वाट्याला एक पंचविसांश सेकंद येतो. तेवढ्यात दाबून झालेच पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातून ‘आउट!’ ऐकू आल्यावर आपल्या पडद्यावर चेंडू पडला तर काय उपयोग? चित्रपटाचे मात्र उलट. तो एकदा दाबायचा आणि लाखो वेळा पाहायचा. यंत्र आठवडाभर राबले आणि प्रतीमागे 10 मेगाबाइट वाचले, तर एक कोटी प्रेक्षकांमागे एक लाख गिगाबाइट वाचतात!

घाई असेल तर चित्रपटाचे तुकडे करून ते अनेक यंत्रांना वाटता येतात. एक काम अनेकांनी मिळून उरकायची ही विद्या पुण्याला नवी नाही. सी-डॅकचा ‘परम 8000’ हा महासंगणक 1991 साली येथे त्याच तत्त्वावर उभा राहिला. पण तुकडा केला की ‘सदर’ लिहायला मागचे पान हाती उरत नाही. प्रत्येक तुकड्याचे पहिले चित्र पुरते लिहावे लागते. वेळ वाचतो, जागा थोडी वाढते. इथेही फुकट काही नाही.

आणि तिसरी तऱ्हा आपल्या पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाची. 1964 साली स्थापन झालेल्या अशा संस्थेचा धर्म जतनाचा. जतनाच्या मूळ प्रतीत काही गाळायचे नाही, हा या शास्त्राचा दंडक. पाहायच्या प्रती हव्या तितक्या दाबा. बियाणे मात्र दळायचे नसते.

त्या दिवशी मी व्याख्यान पुन्हा दाबले. या वेळी जुन्या, सर्व फोनांना ठाऊक असलेल्या प्रकारात आणि मधल्या पायरीवर. तासाभरात काम झाले. फाइल भरली 150 मेगाबाइट. माझ्या काटकसरीला 60 मेगाबाइटांचा चटका बसला खरा, पण संध्याकाळी निरोप आला : “सर, आता हलताय. अभंग समजला.”

बचत करताना आपण किती वाचवले, हे सगळेच मोजतात. आपल्या बचतीचा भार कुणाच्या खांद्यावर गेला, हेही मोजावे. इंदापूरकडच्या त्या तापलेल्या फोनने मला एवढे शिकवले.