अंगावरून वारं जातं तेव्हा

‘अंगावरून वारं गेलं’ असं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. कुणी अर्धांगवायू म्हणतं, कुणी लकवा. डॉक्टर पक्षाघात म्हणतात. नावात वारा असला तरी वाऱ्याचा इथं काही संबंध नाही, बरं का! मेंदूला रक्त पुरवणारी एखादी नळी गुठळीनं बंद होते, नाहीतर फुटते. मग मेंदूचा तेवढा भाग ज्या अवयवाचा कारभार पाहत असतो, तो लुळा पडतो.

गंमत अशी, की बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात पडलेला, जीभ जड. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. गुठळी असेल तर ती विरघळवायची आणि नळी फुटली असेल, तर तेच औषध जिवावर बेतायचं! कोणता प्रकार आहे हे डोक्याचा सी. टी. स्कॅन काढल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून ‘तोवर रक्त पातळ करायची एक गोळी देऊन ठेवू’ हा शेजारचा सल्ला मुळीच ऐकू नका.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर तो डॉक्टर, त्यात वेगळं काय शिकायचं? पण साडीला फॉल लावणारी आणि ब्लाउज बेतणारी वेगळी असते, हे आपण जाणतोच ना? मेंदूतज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमडीची तीन, त्यानंतर डीएमची आणखी तीन. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जाणारा काळ वेगळाच. म्हणजे बारावी झालेल्या मुलामुलीची ऐन उमेदीची बारा वर्षं यात जातात. काही जण त्यापुढेही केवळ पक्षाघाताचंच शिक्षण घेतात. मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढून काढायची, ही विद्या तर आणखी निराळी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी ती शिकवतात.

आपल्या मुंबईत या शास्त्राचं शिक्षण जुनं आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग सुरू केला तो १९५७ साली. पण त्या काळच्या तज्ज्ञांची पंचाईत अशी, की निदान अचूक व्हायचं आणि हातात औषध मात्र फारसं नसायचं. अमेरिकेत १९९५ साली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र पालटलं. आधी तीन तासांची मुदत होती. २००८च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचार तासांवर आली. मुदत संपेपर्यंत थांबायचं नाही हं; जितकं लवकर, तितका मेंदू वाचतो. नळीनं गुठळी काढण्याचा फायदा २०१५ साली पक्का ठरला आणि निवडक रोग्यांना तो चोवीस तासांपर्यंतही मिळू शकतो.

मग शिकायचं काय राहिलं, इंजेक्शनच तर द्यायचं! तसं नाही. त्या १९९५च्या चाचणीत शंभरांतल्या सुमारे सहा जणांना औषध दिल्यावर मेंदूत घातक रक्तस्राव झाला होता. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे काही मिनिटांत ठरवणं, हेच खरं शिक्षण. डॉक्टर रोग्याला महिना विचारतात, वय विचारतात, दोन्ही हात उचलून दहा सेकंद धरायला सांगतात. प्रत्येक गोष्टीला गुण देतात. बेरीज शून्यापासून बेचाळीसपर्यंत. बेरीज जितकी मोठी, तितका झटका मोठा. शिवाय बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहतात, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच पक्षाघात झाल्यासारखा दिसतो.

आणि मग ते तुमच्याकडे वळतात. एवढं शिकलेला माणूस तुम्हाला विचारतो, ‘यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?’ याचं उत्तर कुठल्याच यंत्राकडे नसतं. घरातला नळ किती वाजता आला आणि यजमान कोणत्या लोकलनं गेले, हे ज्या बाईच्या डोक्यात असतं, तिच्याकडेच ते असतं. अलीकडे मोठं ऑपरेशन झालं होतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही विचारतील. निघताना औषधांच्या पट्ट्या आणि जुने कागद पिशवीत टाकायला विसरू नका. इंजेक्शनचा धोका समजावून सहीही बहुधा तुमचीच घेतील. ‘दीर गावाहून येऊ देत, मग ठरवू’ म्हणायला तेव्हा सवड नसते.

आता गोवंडीसारख्या ठिकाणचा विचार करा. स्टेशनाजवळ पालिकेचं शताब्दी रुग्णालय आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. पण मेंदूविकारांचं ते उच्च शिक्षण देणारी पालिकेची रुग्णालयं शीव, परळ आणि मुंबई सेंट्रलला. त्यांतलं शीव सर्वांत जवळ, तरी वाटेत ट्रॅफिक आहेच. म्हणून घरात सगळं सुरळीत असतानाच एखाद्या दुपारी चौकशी करून ठेवा: सी. टी. स्कॅन रात्रंदिवस चालू असतो का? गुठळीचं इंजेक्शन तिथं देतात का? उत्तर कॅलेंडरवर लिहा, शेजारी १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर. आपले फॅमिली डॉक्टर कितीही गुणी असोत, दवाखाना उघडायची वाट पाहू नका.

तेल चोळणं, कांदा हुंगवणं यात वेळ जातो. तोंडात पाणी किंवा चहा घालणं तर धोक्याचंच. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं. आणि पाच-दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला, तरी त्याच दिवशी, लगेच दाखवा. तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

पुष्कळदा हे पहाटे उठल्यावर ध्यानात येतं. अशा वेळी ‘रात्री अकराला झोपले’ एवढंच सांगितलंत, तर डॉक्टर अकरापासून तास मोजतात. पण तीन वाजता पाणी प्यायला उठले होते ना? तुमच्याशी नीट बोलले, नीट चालत गेले? मग तेच सांगा. घड्याळ तीनपासून मोजलं जाईल.