स्टे आला म्हणजे केस हरलो असं नव्हे

“मॅडम, कंपनीनं स्टे आणला. संपलं म्हणायचं का सगळं?”

नाशिकमध्ये कामगारांच्या केसेस चालवताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा महिनाभरापूर्वीच पेढ्यांचा बॉक्स घेऊन येऊन गेलेला असतो. तेव्हा लेबर कोर्टानं ‘कामावर परत घ्या’ असा निवाडा दिलेला असतो, घरी फोन झालेले असतात, बायकोनं किराणावाल्याला ‘आता उधारी फेडतो’ म्हणून सांगितलेलं असतं. आणि मग मुंबईहून एक कागद येतो.

हा कागद नेमका काय असतो, हे समजून घ्यायला हवं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात लेबर कोर्टाच्या निवाड्यावर अपीलच ठेवलेलं नव्हतं. कामगाराला वर्षानुवर्षं वरच्या कोर्टांत फिरवू नये, हा त्यामागचा हेतू. पण राज्यघटनेनं उच्च न्यायालयाला दिलेले अधिकार कुठलाही कायदा काढून घेऊ शकत नाही. म्हणून कंपनी कलम २२६ किंवा २२७ खाली रिट दाखल करते. बोलताना आपण त्यालाच अपील म्हणतो.

नुसती रिट दाखल केली म्हणून निवाडा थांबत नाही. निवाडा निघाला की ३० दिवसांनी तो अमलात आणता येतो. पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला निघतो आणि कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. हे थांबवायचं असेल तर कंपनीला स्वतंत्रपणे स्थगिती मागावी लागते. मग न्यायमूर्ती तीन गोष्टी पाहतात. सकृद्दर्शनी कंपनीच्या म्हणण्यात काही दम आहे का, स्थगिती दिल्यानं किंवा नाकारल्यानं जास्त अडचण कुणाची होईल, आणि पुढे भरून निघणार नाही असं नुकसान कुणाचं होईल.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ असते असं मी म्हणणार नाही. ‘आज लाखो रुपये दिले आणि उद्या आम्ही जिंकलो, तर ज्याच्या घरात काही नाही त्याच्याकडून वसूल काय करायचं?’ हा त्यांच्या वकिलांचा ठरलेला मुद्दा, आणि तो खरा आहे. पण कामगाराचं नुकसान पोटाचं असतं. निकाल लागेपर्यंत त्यानं खायचं काय?

या प्रश्नाला कायद्यानं उत्तर दिलं ते १९८२ च्या दुरुस्तीनं. २१ ऑगस्ट १९८४ पासून अमलात आलेलं ते कलम १७-बी. कामगार ज्याला ‘सतरा-बी’ म्हणतात, ते हेच. कामावर परत घेण्याचा निवाडा असेल आणि मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला असेल, तर प्रकरण चालू असेपर्यंत त्यानं कामगाराला शेवटचा घेतलेला पूर्ण पगार दरमहा द्यायचा. अट एकच : या काळात आपण कुठल्याही आस्थापनेत नोकरीला नाही, असं प्रतिज्ञापत्र कामगारानं त्या कोर्टात द्यायचं. तो दुसरीकडे पुरेशा पगारावर काम करतोय असं सिद्ध झालं, तर तेवढ्या काळाचे पैसे मिळत नाहीत.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते माझ्याच एका पक्षकाराच्या केसवरून सांगते. सातपूरच्या एका कारखान्यातला टर्नर. २००८ साली खातेनिहाय चौकशी करून त्याला काढलं; चौकशी अधिकाऱ्यानं त्याचे साक्षीदार तपासलेच नव्हते. २०१७ साली निवाडा आला : कामावर घ्या, सेवासातत्य द्या, निम्मा मागचा पगार द्या. शेवटचा पगार ५,८०० रुपये. नऊ वर्षांचा निम्मा पगार म्हणजे ३ लाख १३ हजार २०० रुपये. कंपनी मुंबईला गेली.

उच्च न्यायालयानं कामावर घेण्यापुरती स्थगिती दिली. मागच्या पगाराची सगळी रक्कम मात्र आठ आठवड्यांत कोर्टात भरायला लावली. तिची राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव झाली आणि अर्धी रक्कम हमीपत्रावर काढायची परवानगी कामगाराला मिळाली. अशा अटी घालणं हे तिथलं नेहमीचं वळण आहे.

मग आम्ही सतरा-बीचा अर्ज केला. प्रतिज्ञापत्र लिहिताना तो अडखळला. म्हणाला, “मॅडम, मी पंचवटीत संध्याकाळी भाजीची गाडी लावतो. ते लिहायचं नाही ना?” मी म्हटलं, “ते आधी लिहायचं.” पोटापुरता केलेला असा किरकोळ धंदा म्हणजे आस्थापनेतली नोकरी नव्हे, हे अनेक निकालांत आलं आहे. पण लपवलं आणि कंपनीनं गाडीवर उभा असलेला फोटो कोर्टात लावला, तर भाजीपेक्षा खोटेपणाच महाग पडतो. आम्ही गाडी लिहिली, रोजचे साधारण किती सुटतात तेही लिहिलं. पैसे मंजूर झाले.

किती? इथेच खरी मेख आहे. ‘शेवटचा घेतलेला पगार’ म्हणजे नोकरीवरून काढलं त्या दिवशीचा पगार, आज मिळाला असता तो नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं देना बँकेच्या १९९७ च्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे २०१७ साली ५,८०० रुपये. त्याच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस तोवर २१ हजार घेत होता. मात्र देना बँकेच्याच २००१ च्या दुसऱ्या खटल्यात आणखी एक दार किलकिलं राहिलं : न्याय्य वाटल्यास उच्च न्यायालय आपल्या घटनात्मक अधिकारात याहून जास्त रक्कमही देऊ शकतं. त्याच आधारे आम्ही किमान वेतनाइतकी रक्कम मागितली. ती मिळाली, पण वरचा फरक हरलो तर परत करू अशी हमी द्यावी लागली. मूळ ५,८०० मात्र परत करायचे नसतात. केस हरली तरीही नाहीत. ते निर्वाहासाठी दिलेले पैसे आहेत.

म्हणून माझं मत असं, की स्थगितीनं कामगार हरत नाही, तो सतरा-बी न मागितल्यानं हरतो. मी असे लोक पाहिलेत ज्यांची रिट वर्षानुवर्षं पडून होती आणि त्यांनी हा अर्जच केलेला नव्हता. स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो, असंही पुष्कळजण धरून चालतात. २०१८ च्या एका निकालामुळे हा समज पसरला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो निकाल फिरवला. स्टे उठवायचा असेल तर अर्ज करूनच उठवावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, पण प्रकरण चालू असताना शेवटचा पगार देण्याची तरतूद तिच्यातही आहे. त्यामुळे ‘सतरा-बी गेलं’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका.

निवाडा हाती आला की पेढे जरूर वाटा, पण त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्टे मिळणं अवघड होईल. कॅव्हेट ९० दिवस चालतं, नंतर नवं टाकावं लागतं. शेवटची पगारपावती, नसेल तर पीएफची स्लिप किंवा बँकेचं पासबुक जपून ठेवा. स्टेची ऑर्डर आली तर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. पैसे भरण्याची मुदत कंपनीनं चुकवली असेल तर लगेच कोर्टाच्या नजरेला आणा. आणि प्रतिज्ञापत्रासह पगाराचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. हे पैसे कोर्ट आपणहून देत नाही, ते मागावे लागतात.